व्होकल कॉर्डवरचा पॉलिप: भूल देऊन काढायचा, खुर्चीत लेझर मारायचं, की थांबायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की तुम्ही शाळेत शिकवता, वय ३८, पाच महिने झाले आवाज घोगरा आहे, वरच्या पट्टीत तर निघतच नाही, दुर्बिणीने बघितलं तर उजव्या व्होकल कॉर्डवर (स्वरयंत्रातल्या, थरथरून आवाज काढणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी उजवीवर) पॉलिप, म्हणजे छोटी मऊ गाठ, निघाला. एक डॉक्टर म्हणाले पूर्ण भूल देऊन तोंडातून मायक्रोस्कोपखाली काढू, दुसरे म्हणाले भूल कशाला, खुर्चीत बसल्या बसल्या लेझर मारू आणि तासाभराने घरी जा. आणि शेवटी एका ओळीत काकांचं विचारलंय, दोन महिन्यांपूर्वी थायरॉइडचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज फुसका येतो, डावी कॉर्ड हलत नाही, पाणी पिताना ठसका लागतो, त्यांना घशात इंजेक्शन सुचवलंय. काकांचं मी शेवटी घेते, पण विसरले असं समजू नका.

मी बावीस वर्षं कान-नाक-घसा बघते, त्यातली शेवटची चौदा-पंधरा जवळजवळ फक्त आवाजाचे आणि गिळण्याचे पेशंट. तुमचा घसा मी बघितलेला नाही, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना डोक्यात असावं म्हणून, त्यांच्या तपासणीच्या वर नाही.

आता पहिली गोष्ट, जी सगळ्यात जास्त लोकांना उलटी वाटते. बाहेर टाका नाही, रक्त नाही, संध्याकाळी घरी, म्हणजे ऑपरेशन किरकोळ, असं सगळे धरून चालतात. पोटाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला हे बऱ्यापैकी लागू पडतं, तिथे कातडीवरचा छेद लहान झाला की पेशंटचा त्रास खरोखर कमी होतो. घशात मात्र मोजमाप कातडीवर करून उपयोगच नाही, कारण आम्ही जवळजवळ सगळंच तोंडातून करतो, कातडीला हात लागतच नाही. तुमच्या व्होकल कॉर्डची एकूण लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्यातला जो भाग थरथरून आवाज तयार करतो तो वरचा मिलिमीटरभरसुद्धा नसतो. सगळा खेळ तिथे आहे. म्हणून मला कुणी विचारलं की ऑपरेशन किती छोटं, तर मी विचारते, कुठल्या थरापर्यंत?

हे थरांचं जरा समजून घ्या कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १९७४ मध्ये जपानमधल्या मिनोरू हिरानो यांनी मांडलं की व्होकल कॉर्ड म्हणजे एकसंध दोरी नाही, आत स्नायूचा गाभा आणि वर एक सैल आवरण असं ते काम करतं. वरची त्वचा अगदी पातळ, तिच्याखाली मऊ जेलीसारखा थर, त्याखाली लिगामेंट म्हणजे चिवट तंतूंचा पट्टा, मग स्नायू. जेलीच्या थरामुळे वरचं आवरण रेशमी अस्तरासारखं घसरतं, त्यावर लाट उठते आणि ती लाट म्हणजे आवाज. बाईच्या आवाजात ही लाट सेकंदाला साधारण दोनशे वेळा, म्हणजे तुम्ही वर्गात सलग दहा मिनिटं बोललात तर दोन्ही कॉर्ड एकमेकींवर लाखभराच्या वर वेळा आपटल्या. या जेलीच्या खाली, लिगामेंटपर्यंत कुणी कात्री किंवा लेझर नेलं तर तिथे व्रण तयार होतो, आवरण खाली चिकटतं, लाट थांबते, आणि तो आवाज परत आणायला आजही माझ्याकडे काय किंवा कुणाकडे काय, भरवशाचा इलाज नाही. पॉलिप काढता येतो. व्रण काढता येत नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाहीये. नवीन नवीन असताना एका पेशंटची कॉर्ड मी अगदी स्वच्छ, गुळगुळीत करून दिली होती, स्क्रीनवर बघणारे सगळे वा वा म्हणाले, आणि तीन महिन्यांनी तो माणूस आला तेव्हा पॉलिपचं नामोनिशाण नव्हतं आणि आवाज आधीपेक्षा वाईट. दिसायला छान आणि वाजायला मुकी कॉर्ड. तेव्हापासून थोडं शिल्लक राहिलं तरी चालेल पण खोल जायचं नाही ही सवय लागली.

तुमच्या पॉलिपकडे येऊ. पॉलिप बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो, आणि पुष्कळदा सुरुवात एखाद्या दिवसाने होते, स्नेहसंमेलनाची तालीम, मॅचमध्ये ओरडणं, सर्दी असताना दिवसभर शिकवणं. आत छोटी रक्तवाहिनी फुटते, रक्त साचतं, आणि वर आपटणं चालूच राहिल्याने ते विरघळायच्या ऐवजी फुग्यासारखं पुढे येतं. नोड्यूल ही वेगळी भानगड, ते दोन्ही बाजूंना समोरासमोर येतात, हाताला घट्टे पडतात तसे, आणि त्यांना माझ्या मते शंभरातल्या नव्वद वेळा कात्री लागू नये, व्हॉइस थेरपीने जातात, आणि सवय न बदलता कापले तर परत येतात. तिसरा प्रकार सिस्ट, म्हणजे छोटी बंद पिशवी, तो थराच्या आत पुरलेला असतो, वरून नोड्यूलसारखाच दिसू शकतो आणि थेरपीने जात नाही. हे तिन्ही साध्या दुर्बिणीत एकमेकांसारखे दिसतात, म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न हाच की स्ट्रोबोस्कोपी झाली का? त्यात दिवा तुमच्या आवाजाच्या गतीपेक्षा किंचित वेगळ्या गतीने उघडझाप करतो त्यामुळे सेकंदाला दोनशे वेळा होणारी हालचाल डोळ्याला स्लो मोशनमध्ये दिसते, लाट कुठे अडते ते कळतं, आणि समोरच्या चांगल्या कॉर्डवर काही घर्षणाची जखम आहे का तेही कळतं. तुम्ही लिहिलंय नाकातून कॅमेरा घातला आणि फोटो दिला. फोटोवर ऑपरेशन ठरवू नका. व्हिडिओ लागतो, तोही स्ट्रोबोचा.

आता भूल देऊन करायचं ते नक्की काय असतं. तुम्ही झोपलेल्या, श्वासाची नळी नेहमीपेक्षा बारीक, कारण आम्हाला त्याच वाटेने काम करायचं असतं. तोंडातून धातूची एक पोकळ नळी स्वरयंत्रापर्यंत जाते आणि एका दांड्यावर टेकवून तशीच स्थिर ठेवली जाते म्हणजे सर्जनचे दोन्ही हात मोकळे. जर्मनीतल्या गुस्ताव किलियान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टांगून ठेवायचं तंत्र आणलं आणि साठच्या दशकात ऑस्कर क्लाइनझासर यांनी त्यावर ४०० मिलिमीटर फोकसची लेन्स असलेला मायक्रोस्कोप जोडला, आजही आम्ही मूळ तेच करतोय, फक्त अवजारं अजून बारीक झालीत. हातभर लांब दांडा आणि टोकाला मिलिमीटरभराची कात्री. पॉलिप चिमट्यात हलका धरायचा, मधल्या बाजूला किंचित ओढायचा, आणि त्याच्या मुळाशी बरोबर त्वचेच्या पातळीवर कापायचा, बस. सिस्ट असेल तर वेगळं, तिथे वरून छोटी चीर देऊन त्वचेचा पडदा उचलायचा, आतून सिस्ट सोडवून काढायचा आणि पडदा परत जागेवर बसवायचा, टाका वगैरे काही लागत नाही. साध्या पॉलिपला अर्धा तास, संध्याकाळी घरी.

याचे त्रास कोणते ते कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. धातूच्या नळीचा दाब जिभेवर आणि वरच्या दातांवर येतो, त्यामुळे हलणारा दात, कॅप, ब्रिज असेल तर आधी सांगा. जीभ बधिर वाटणं, चव बदलणं हे काही जणांना होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं. मान मागे वळत नसेल, जबडा कमी उघडत असेल तर ती नळी नीट बसतच नाही, आणि असा पेशंट टेबलावर घेतल्यावर कळण्यापेक्षा ओपीडीत कळलेला बरा.

लेझरबद्दल लोकांचं एक प्रेमच असतं. लेझरने करणार ना डॉक्टर, हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा येतो, जणू कात्री म्हणजे जुनं आणि लेझर म्हणजे नवीन, बिनदुखीचं. लेझर हेही एक अवजारच आहे आणि ते भाजतं. कार्बन डायऑक्साइड लेझर स्वरयंत्रासाठी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनमध्ये स्ट्राँग आणि याको यांनी आणला, म्हणजे पन्नास वर्षं जुना. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, ती पाण्यात शोषली जाते, आणि आपल्या पेशी म्हणजे बहुतांश पाणीच, त्यामुळे जिथे मारू तिथे तो कापतो आणि आजूबाजूला थोडी उष्णता सोडतो. चांगल्या हातात ही उष्णता अगदी कमी ठेवता येते पण शून्य होत नाही, आणि साध्या पॉलिपला थंड कात्रीने जे सुंदर होतं तिथे ही उष्णता मला उगाच वाटते. दुसरा केटीपी नावाचा हिरवा लेझर, ५३२ नॅनोमीटर, तो पाण्याकडे दुर्लक्ष करतो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन शोधतो. म्हणजे वरची पारदर्शक त्वचा जवळजवळ जशीच्या तशी ठेवून खालच्या रक्तवाहिन्या बंद करू शकतो, म्हणून रक्ताळलेले पॉलिप, फुगलेल्या शिरा, पॅपिलोमा यांना तो छान. अलीकडे ४४५ नॅनोमीटरचा निळा लेझर आलाय, तो साधारण हिरव्याच्या कामाचा आणि थोडं कापूही शकतो. त्यामुळे लेझर म्हणजे कुठला, आणि माझ्या गाठीला तो कशासाठी, हे विचारा, उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

आणि एक, लेझर, ऑक्सिजन आणि प्लॅस्टिकची नळी हे तिघं एकत्र आले की घशात आग लागू शकते, खरोखरची ज्वाळा. म्हणून लेझरसाठीची खास नळी, तिच्या फुग्यात हवेऐवजी निळं केलेलं सलाइन, म्हणजे फुगा फुटला तर लगेच दिसावं, वरती ओल्या कापसाच्या पट्ट्या, आणि ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या खाली, हे सगळं भूलतज्ज्ञाशी आधी बोलून ठरलेलं असतं. छोट्या ऑपरेशनची ही तयारी बघितली तर तुम्ही छोटं म्हणणार नाही.

आता खुर्चीतलं. हे नवीन तंत्र म्हणून विकलं जातं, पण गंमत अशी की स्वरयंत्राची शस्त्रक्रिया जन्मालाच खुर्चीत आली. मॅन्युएल गार्सिया हे गाण्याचे शिक्षक, डॉक्टर नव्हेत, १८५४ मध्ये त्यांनी दातांच्या डॉक्टरांचा आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचं स्वरयंत्र स्वतः बघितलं, पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. नंतरची कित्येक दशकं डॉक्टर आरशात बघत, जाग्या पेशंटच्या घशात वाकडी अवजारं घालून गाठी काढायचे, १८८४ नंतर घसा बधिर करायला कोकेन मिळालं तेव्हा कुठे ते जरा माणुसकीचं झालं. मग भूलशास्त्र सुधारलं आणि सगळं ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं, आणि गेल्या वीसेक वर्षांत नाकातून जाणाऱ्या दुर्बिणीच्या टोकावरच कॅमेऱ्याची चिप आली, तिच्या आतल्या बोगद्यातून केसासारखा लेझरचा फायबर जाऊ लागला, म्हणून काम परत खुर्चीत आलं.

होतं कसं, तर नाकात आणि घशात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा स्प्रे, मग दुर्बिणीतून थेट व्होकल कॉर्डवर ते औषध थेंब थेंब टाकतात, तेव्हा तुम्हाला 'ई' म्हणायला सांगतात म्हणजे ते कॉर्डवर खुळखुळतं, खोकला येतो, घशात काहीतरी जाडजूड अडकल्यासारखं वाटतं, थुंकी गिळता येत नाहीये असं वाटतं पण ती गिळली जाते. हा पाच मिनिटांचा भाग सगळ्यात त्रासदायक, पुढचं लेझर फार तर गरम चुटपुट. नंतर दीड-दोन तास खायचं-प्यायचं नाही कारण घसा बधिर असतो आणि घास श्वासनळीत जाऊ शकतो. बहुतेक लोक सहज करून घेतात. काहींना मात्र ओकारीचा रिफ्लेक्स इतका जोरात की दुर्बीण घशाशी पोचतच नाही, हे तुमच्या पहिल्या तपासणीतच कळलं असेल, आठवा. आणि जागं ठेवून केलं म्हणजे हृदयाला सुरक्षित असंही सरसकट नाही, या वेळात ब्लड प्रेशर आणि नाडी चांगलीच चढते, म्हणून हृदयरोगी पेशंटला आम्ही मॉनिटर लावूनच करतो.

खुर्चीचा खरा फायदा ज्यांना पुन्हा पुन्हा करावं लागतं त्यांना. पॅपिलोमा घ्या, एचपीव्ही ६ आणि ११ या विषाणूंमुळे कॉर्डवर चामखिळीसारखे गुच्छ उगवतात, काढले तरी परत येतात, काही पेशंटची आयुष्यात पन्नासपेक्षा जास्त ऑपरेशनं झालेली असतात. अशा माणसाला दरवेळी भूल देण्यापेक्षा थोडं उगवलं की खुर्चीत जाळून टाकलं हे केवढं सोपं. तसंच ज्यांना भूल धोक्याची आहे, किंवा मान आखडलेली असल्याने धातूची नळी बसत नाही. खुर्चीचा तोटा असा की दोन हातांनी, मायक्रोस्कोपखाली, अजिबात न हलणाऱ्या कॉर्डवर जी नजाकत होते ती श्वास घेणाऱ्या, गिळणाऱ्या, खोकणाऱ्या माणसाच्या घशात होत नाही. आणि लेझरने जाळलं की पॅथॉलॉजीला पाठवायला काही उरत नाही, आधी तुकडा घेतला तरच. सिगारेट ओढणाऱ्याच्या कॉर्डवर पांढरा डाग असेल आणि कुणी तुकडा न तपासता नुसता जाळून देतो म्हणालं तर तिथून उठा.

तर तुमचं. वय ३८, तब्येत बाकी ठीक, एका बाजूचा पॉलिप, पोट आवाजावर. लहान, लालभडक, रक्तवाहिनीवाला पॉलिप असेल तर खुर्चीतला हिरवा लेझर वाईट नाही, फक्त तो कधीकधी दोन बैठकांत जातो आणि आठवडे लागतात. पांढरट, जाडसर, मोठा किंवा आत सिस्टची शंका असेल तर मी स्वतः भूल देऊन थंड कात्रीने करेन, एकदाच आणि नीट. माझ्या बहिणीचा असता तरी हेच सांगितलं असतं. म्हणजे दोन्ही डॉक्टर चूक नाहीत, त्यांना कदाचित तुमच्या पॉलिपमध्ये वेगवेगळं दिसलंय, ते काय दिसलं हे विचारा. गायिका अडेलचं २०११ मध्ये बोस्टनला कॉर्डमधल्या रक्तस्रावासाठी जे मायक्रोसर्जरीचं काम झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पुढच्या वर्षी ती ग्रॅमीच्या मंचावर गायली, पण मधले काही महिने ती गायली नाही हा भाग लोक विसरतात.

आणि तिसरा पर्याय, थांबण्याचा. छोटे ताजे पॉलिप कधीकधी आवाजाला विश्रांती आणि थेरपीने विरतात, पाच महिन्यांच्या जुन्याची शक्यता कमी. तरी ऑपरेशनच्या आधी दोन-तीन बैठका स्पीच थेरपिस्टकडे कराच, कारण ज्या सवयीने पॉलिप आला ती थिएटरमध्ये कापली जात नाही. तुम्हाला ॲसिडिटीच्या गोळ्या पाच महिने दिल्या म्हणताय, चिडचिड झाली वाचून. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनेत स्पष्ट आहे की आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र डोळ्यांनी बघा, आणि न बघता नुसत्या आवाजावरून ॲसिडिटीच्या, अँटिबायोटिकच्या, स्टेरॉइडच्या गोळ्या देऊ नका. सिगारेट ओढणारा असेल, मानेत गाठ असेल, श्वासाला आवाज येत असेल तर चार आठवडेही थांबायचं नाही.

बाकीचे प्रकार भराभर सांगते कारण असे प्रश्न खाली विचारले जाणारच आहेत. बोलताना शब्द गळा आवळल्यासारखे तुटतात, त्या स्पॅझमॉडिक डिस्फोनियाला बोटॉक्स, मानेतून बारीक सुईने कॉर्डच्या स्नायूत एक-दोन युनिट, चेहऱ्याला वापरतात त्याच्या मानाने थेंबभरच. पहिले एक-दोन आठवडे आवाज हवेशीर आणि पाण्याचा ठसका, मग तीन-चार महिने सुख, मग पुन्हा. ज्यांना जन्मात ढेकर येत नाही, पोट फुगतं, गळ्यातून बेडकासारखे आवाज येतात, त्यांनाही अन्ननलिकेच्या तोंडावरच्या स्नायूत बोटॉक्स देतात आणि गंमत म्हणजे त्यातल्या अनेकांना एकाच इंजेक्शनवर कायमचा ढेकर येऊ लागतो, याचं नीट वर्णन आत्ता २०१९ मध्ये झालं, तोवर हे लोक डॉक्टर बदलत फिरायचे. श्वासनळी स्वरयंत्राच्या खाली अरुंद होते तिथे लेझरच्या चिरा, फुग्याने ताणणं आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं. म्हाताऱ्या माणसांना घशात पिशवी होऊन अन्न परत येतं, त्याला पूर्वी मान उघडायचे, आता पुष्कळांचं तोंडातूनच स्टेपलर किंवा लेझरने मधली भिंत कापून होतं. अगदी सुरुवातीचा व्होकल कॉर्डचा कॅन्सर तोंडातून लेझरने काढला काय किंवा रेडिएशन दिलं काय, बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखं, निवड आवाज, वेळ आणि पुढचे मार्ग मोकळे ठेवणं यावर होते. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी रोबोट चांगला, २००९ पासून अमेरिकेत त्याला तिथल्या सुरुवातीच्या गाठींसाठी मान्यता आहे, तुमच्या पॉलिपला मात्र कुणी रोबोट सुचवला तर हसून घ्या, त्याचे हात त्या कामाला जाड पडतात.

ऑपरेशननंतरचं, कारण निम्मं काम तिथे आहे. आवाजाला संपूर्ण विश्रांती किती दिवस यावर आम्हीच भांडतो, पूर्वी दोन-तीन आठवडे गप्प बसवायचे, जपानमधल्या एका अभ्यासात तीन दिवस आणि सात दिवस असे दोन गट करून बघितले तर तीन दिवसवाल्यांचे आवाज चांगले निघाले, कारण थोडी हालचाल मिळाली की जखम नीट भरते. मी पॉलिपला तीन ते पाच दिवस पूर्ण गप्प सांगते, मग रोज थोडं थोडं. कुजबुज हा मधला मार्ग नाही, कुजबुजताना अनेकजण घसा नेहमीपेक्षा जास्त आवळतात. खाकरणंही बंद, घोटभर पाणी प्या त्याऐवजी. पाण्यात स्ट्रॉ बुडवून 'ऊ' करत बुडबुडे काढणं हा व्यायाम पोरकट वाटतो पण करा, त्यात कॉर्ड कमी आपटतात आणि लाट चालू राहते. पहिले दोन आठवडे आवाज ऑपरेशनआधीपेक्षा वाईट वाटेल, सगळ्या पेशंटचा फोन येतो दहाव्या दिवशी, डॉक्टर फसलं का. नाही फसलं, सूज आहे. खरा अंदाज दोन-तीन महिन्यांनी. वर्गात चार ते सहा आठवड्यांनी, तेही अर्धे तास घेऊन, आणि कमरेला लावायचा छोटा माइक घेऊनच, मुलं चार दिवस हसतील मग विसरतील.

आता काका. थायरॉइडच्या अगदी मागून व्होकल कॉर्ड हलवणारी नस जाते, ऑपरेशनमध्ये ती ताणली गेली किंवा दुखावली की कॉर्ड उघड्या जागी थांबते, दोन्ही कॉर्ड भेटत नाहीत, म्हणून आवाज फुसका आणि पाणी खाली श्वासनळीत. नस नुसती ताणली असेल तर नऊ महिने, वर्षभरात ती सुधारू शकते, आणि म्हणूनच पूर्वी वर्षभर थांबा असं सांगून पेशंटला घरी पाठवायचे. ते आता चूक मानतात. इंजेक्शन कॉर्डच्या आत, बाजूला देतात, ती आतून फुगते आणि मध्यरेषेकडे सरकते, दुसरी कॉर्ड येऊन तिला भेटते. कल्पना १९११ ची, ब्रूनिंग्ज नावाच्या डॉक्टरांनी पॅराफिन टोचलं होतं, नंतर टेफ्लॉन आलं आणि त्याने अनेक वर्षांनी गाठी केल्या, म्हणून आम्ही आता शरीर शोषून घेईल असंच वापरतो. हायलुरोनिक ॲसिड काही महिने टिकतं, कॅल्शियम हायड्रॉक्सिअपेटाइट साधारण वर्षभर. काकांना मी पहिलं वालंच देईन कारण नस परत आली तर आतलं भरण आपोआप गेलेलं बरं. अर्धा-एक मिलिलिटर लागतं, जागेपणी, मानेतून किंवा तोंडातून, आणि टोचता टोचता 'ई' म्हणायला सांगितलं की आवाज तिथल्या तिथे भरत जातो, खोलीतले नातेवाईक दचकतात. पहिल्या दिवशी आवाज जरा आवळलेला वाटला तर घाबरू नका, मुद्दाम किंचित जास्त भरतात कारण त्यातलं पाणी शोषलं जातं. श्वासाला त्रास झाला तर मात्र लगेच परत. वर्षाने कॉर्ड हललीच नाही तर मानेत छोटा छेद देऊन बाजूने कायमची पाचर बसवायची, इस्शिकी यांची थायरोप्लास्टी, तेही पेशंटशी बोलत बोलत करतात म्हणजे आवाज ऐकून पाचर कमी-जास्त करता येते.

तुम्ही काकांचं जाता जाता विचारलंत पण मला तोच भाग जास्त तातडीचा वाटला. स्ट्रोबोमध्ये साधा पॉलिपच दिसत असेल तर तुमचं दोन महिने पुढे गेलं, सुट्टी बघून केलं तरी काही बिघडत नाही. त्यांना पाण्याचा ठसका लागतोय, ते छातीत उतरून न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. इंजेक्शन मिळेपर्यंत पातळ पदार्थ छोट्या घोटांनी, हनुवटी छातीकडे टेकवून आणि मान डावीकडे, म्हणजे न हलणाऱ्या बाजूला वळवून गिळून बघा म्हणावं, अनेकांना त्याने ठसका कमी होतो, गिळण्याच्या थेरपिस्टने एकदा बघितलं तर उत्तम. ताप किंवा छातीत घरघर असेल तर इंजेक्शनची वाट न बघता आधी छातीचा एक्स-रे. नाहीतर त्यांची अपॉइंटमेंट याच आठवड्यातली घ्या, तुमची नंतर.